मदत हवी आहे: पायात औषधवाला स्टेंट, दाढ काढायला रक्त पातळ करायची गोळी थांबवायची का?

नमस्कार मंडळी, आम्ही रावेरकडचे. नानांच्या (वय ६८, शुगर आहे, बिडी सोडलीय) मांडीच्या धमनीत मार्चमध्ये पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा लेप असलेला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी तारेची जाळी) टाकलाय. रक्त पातळ करायच्या अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही गोळ्या चालू. आता दाढ सडलीय, फार ठणकते, आणि दातांचे डॉक्टर म्हणतात क्लोपिडोग्रेल काही दिवस थांबवा. स्टेंटवाल्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात आहे, तोवर फोनवर बोलणं होत नाहीये.

मला समजलंय ते असं की स्टेंटवरचं औषध आतल्या पेशी वाढू देत नाही म्हणून धमनी परत लवकर अरुंद होत नाही, पण त्याचमुळे स्टेंटच्या तारांवर नवं अस्तर यायलाही उशीर लागतो आणि तोवर उघड्या तारेवर गुठळी धरायची भीती. जळगावला डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केला, प्रवाह चांगलाय, पण अस्तर आलं का ते त्यात दिसत नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं म्हणून डाय टाकून सीटी नको म्हणतात. स्वतःहून एकही गोळी बंद केलेली नाही.

हृदयाच्या स्टेंटचं कृपया सांगू नका, पायाची धमनी चालताना वाकते, पिळली जाते, तिथलं वेगळं असतं. ज्यांच्या घरी पायात असा स्टेंट आहे त्यांना दोन्ही गोळ्या किती महिने सांगितल्या, आणि गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढून देणारं जळगाव-भुसावळकडे कोणी आहे का?