कार्यालयातील लॅपटॉपचे बिजागर

क-३०४, खजिनदार : सर्व सभासदांना नमस्कार. आज सकाळी कार्यालयातील लॅपटॉप उघडताना डाव्या बिजागराजवळ ‘कट्’ असा आवाज झाला आणि चौकटीचा कोपरा नखाएवढा उचकटला. बिजागर घट्ट होत चालले आहे, हे मी जूनच्या बैठकीतच सांगितले होते. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आहे आणि देखभाल शुल्काचे सारे हिशेब याच यंत्रात आहेत. बिजागराला हात लावला तर तो तेलकट झाला व खोबरेलाचा वास आला. तेल कोणी घातले, ते कृपया कळवावे.

अ-१०२ : तेल मी घातले. पासबुकाच्या नोंदी पाहायला आलो होतो, झाकण उघडता उघडेना, म्हणून दोन थेंब सोडले. आमच्या घरातील दारांना ३० वर्षे खोबरेल तेलच घालतो आणि एकही दार कुरकुरत नाही.

क-३०४, खजिनदार : काका, आपला हेतू चांगला होता याबद्दल शंका नाही, परंतु सोसायटीच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी समितीला विचारावे, एवढीच विनंती आहे.

ब-५०१ : मी १२ वर्षे लॅपटॉप दुरुस्तीचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दाराचे बिजागर सैल फिरावे असे बनवलेले असते, लॅपटॉपचे मात्र मुद्दाम घट्ट ठेवलेले असते. बहुतेक यंत्रांत पोलादी दांड्यावर चकत्या बसवून टोकाच्या नटाने त्या आवळलेल्या असतात आणि त्या घर्षणामुळेच पडदा आपण ठेवू त्या कोनात थांबतो. चकत्यांमधील घट्ट ग्रीस वाळले आणि त्यात धूळ मिसळली की घर्षण प्रमाणाबाहेर वाढते. मग आपण जोर लावतो, पण तो जोर बिजागराला न लागता प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या बारीक पितळी नटांना लागतो आणि ते उपटून येतात. आजचा ‘कट्’ बहुधा त्यांचाच असावा.

अ-१०२ : म्हणजे घट्टपणा हेच मूळ कारण ठरले. दोन थेंब खोबरेल तेल पुरेसे होते.

ब-५०१ : काका, खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजते, डिसेंबरात न्हाणीघरातील बाटली आपण कोमट पाण्यात ठेवतोच. शिवाय ते कालांतराने खवट व चिकट होऊन धूळ धरून ठेवते. त्याहून मोठी भीती पातळ तेलाची आहे. बिजागराच्या अगदी शेजारून पडद्याची तार जाते आणि तेल फटीतून झिरपत पडद्यामागील थरांत शिरले, तर तेथे पडलेले डाग बाहेरून पुसता येत नाहीत.

ड-२०३ : मग डब्ल्यूडी-४० फवारावे. गंजलेले कुलूपसुद्धा त्याने सुटते.

ब-५०१ : कुलपासाठी ते उत्तम आहे, येथे नको. १९५३ साली अमेरिकेत ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले. नावातील ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. त्यातील द्रावक आतले उरलेले ग्रीस विरघळवून वाहून नेतो, त्यामुळे आज बरे वाटते आणि काही दिवसांनी एक तर कुरकुर परत येते, नाही तर पडदा मान टाकतो.

अ-४०२ : विषय बिजागराचाच असल्यामुळे विचारतो. मुख्य फाटकाच्या बिजागराची तक्रार मी मार्चमध्ये लेखी दिली आहे; तिची दखल कधी घेतली जाणार? काही इमारतींच्या तक्रारींना लगेच उत्तर मिळते, एवढेच निदर्शनास आणतो.

सचिव : फाटकाचे काम मंजूर आहे आणि तेथे कोणतेही ग्रीस चालेल. येथे कृपया लॅपटॉपविषयीच लिहावे.

अ-१०२ : फाटकालाही खोबरेल तेल चालते.

क-३०४, खजिनदार : ताई, मग नेमके काय वापरावे? सिलिकॉन ग्रीस आणू का?

ब-५०१ : सिलिकॉन ग्रीस प्लॅस्टिकला सहसा बाधत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे, पण पोलादावर पोलाद दाबून घासते तेथे त्याचा थर तग धरत नाही. आपल्याला चौकट उघडावीच लागणार आहे, म्हणून मी बॅटरीची जोडणी काढून बिजागर यंत्राबाहेर घेईन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने खोबरेल तेल व जुना मळ धुऊन काढीन आणि पांढरे लिथियम ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढे लावीन. वीसेक वेळा फिरवून बाहेर आलेले ग्रीस पुसायचे, म्हणजे प्लॅस्टिकला काही लागत नाही. त्यानंतरही घट्ट वाटले, तर टोकाचा नट एका वेळी अष्टमांश फेराच सैल करायचा. पितळी नट निघालेले असतील, तर ते दोन नळ्यांच्या इपॉक्सीने बसवून २४ तास तसेच ठेवावे लागतील, कारण त्याशिवाय कोणतेही वंगण उपयोगाचे नाही.

अ-१०२ : रविवारी मी येऊन पाहू शकतो का? निदान तेल कुठवर गेले आहे ते कळेल.

ब-५०१ : अवश्य या, काका. सकाळी दहा वाजता. तोपर्यंत झाकण कोणीही मिटू नये.

क-३०४, खजिनदार : लॅपटॉप उघडाच ठेवून वर स्वच्छ कापड घातले आहे. हिशेबांची प्रत आज रात्रीच पेनड्राइव्हवर घेतो.