अनुभव धागा : ओलं जंगल, खारं पाणी, लाल माती

येत्या जुलैत आम्ही चौघं ऑस्ट्रेलियाला निघालोय. कॉलेजपासूनचे दोस्त, आता चाळिशीच्या आगेमागे. केर्न्सला उतरायचं, डेंट्रीचं जंगल बघायचं, मग समुद्रातली प्रवाळांची ग्रेट बॅरियर रीफ, तिथून विमानाने वाळवंटातलं ॲलिस स्प्रिंग्ज गाव आणि पुढे गाडीने उलुरू, म्हणजे तो प्रचंड लाल दगड. पाठीवर सॅक, मुक्काम हॉस्टेलात नाहीतर तंबूत. घरचे म्हणतात या वयात हे कसले चाळे. म्हणोत.

काय बघायचं ते वाचून झालंय. मला हवंय ते दुसरंच. आम्ही सह्याद्रीत वाढलेली माणसं. 'पुढे जाऊ नये' अशी पाटी दिसली की आमच्यातल्या एकाचे पाय आपोआप तिकडे वळतात. तिकडे म्हणे पावलोपावली तसल्याच पाट्या. इथे पोहू नका, याला हात लावू नका, त्यावर चढू नका. तुम्ही मित्रमैत्रिणींबरोबर गेला असाल तर लिहा, कुठे थांबलात, कुठे थांबला नाहीत, आणि कोणावरून भांडलात. गोडगोड नको.

*

आम्ही तिघी पुण्याच्या. फेब्रुवारीत गेलो, कारण तिकीट स्वस्त होतं. ते स्वस्त का होतं हे डेंट्रीत पोचल्यावर कळलं. भर पावसाळा. कोकणात श्रावणात कपडे वाळत नाहीत म्हणून कुरकुरणाऱ्या मला तिथे चार दिवस एकच ओला टीशर्ट घालून फिरावं लागलं.

डेंट्री नदीवर पूल नाही. जाड तारेवर ओढली जाणारी फेरी गाडीसकट पलीकडे नेते. पलीकडे गेलं की फोनची रेंज गेलीच म्हणून समजा. आणि मग सुरू होतं ते जंगल सुमारे १८ कोटी वर्षं जुनं आहे असं सांगतात. आकड्याने मला काही झालं नाही. झालं ते छत्रीएवढ्या पंख्यांसारख्या पानांच्या ताडांखाली उभं राहिल्यावर. वर धो धो पाऊस आणि खाली आपल्यावर फक्त थेंब.

आता पाट्यांचं. पहिल्याच ओढ्यापाशी मगरीची पाटी. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. आमची एक मैत्रीण म्हणाली, खाऱ्या पाण्यातली मगर गोड्या ओढ्यात कशाला येईल? येते. नाव खाऱ्या पाण्याचं असलं तरी ती दोन्हीकडे राहते. मग समुद्रावर गेलो. मैलभर पांढरी वाळू, पलीकडे हिरवं जंगल आणि पाण्यात चिटपाखरू नाही. वाळूत एका खांबावर व्हिनेगरची बाटली अडकवलेली. मैत्रिणीला वाटलं कोणीतरी चिप्सवर घालायला आणलेली विसरलं. ते बॉक्स जेलीफिशसाठी होतं. साधारण नोव्हेंबर ते मे हा त्यांचा मोसम. अंगाला चिकटलेल्या तंतूंतल्या न फुटलेल्या डंखपेशी व्हिनेगरने फुटायच्या थांबतात. झालेली आग मात्र त्याने कमी होत नाही. म्हणजे ओढ्यात मगर, समुद्रात जेलीफिश, आणि आम्ही तिघी घामाने निथळत मधोमध. त्या दिवशी जे भांडण झालं त्याचं खरं कारण 'फेब्रुवारीचं तिकीट कोणी काढलं' हे होतं. (मी.)

झाडांनाही हात लावायचा नाही. जिम्पी-जिम्पी नावाचं एक झुडूप आहे, पानं पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, मऊ लव असलेली, कुरवाळावीशी. ती लव म्हणजे काचेसारख्या सुया. आपल्या खाजकुइलीची खाज तासाभरात विसरता येते, हिची वेदना काही महिने परत परत उठते. वाटाड्याने लांबूनच दाखवलं.

कॅसोवरी दिसला, एकदाच. माणसाएवढा पक्षी, निळी मान, डोक्यावर शिरस्त्राण, शांतपणे रस्ता ओलांडत होता. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, सॅक पुढे धरून हळूहळू मागे सरकायचं, असं शिकवलं होतं. तिघींनी सॅक पुढे धरल्या. त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जुलैत जाताय ना? मग पाऊस कमी असेल, जेलीफिशही. मगरीला मात्र मोसम नसतो.

*

मी मालवणचा. तारकर्लीत लोकांना पाण्यात नेणं हा घरचाच धंदा. दोन चुलतभाऊ आणि मेलबर्नला नोकरी करणारा शाळेतला मित्र असे चौघं केर्न्सहून बोटीने बाहेर गेलो. मनात हेच, की आपल्याला काय शिकवणार?

बोटीवर आधी फॉर्म. दमा आहे का, हृदयाचं काही आहे का, शेवटचं पाण्यात कधी गेलात. मग मोजणी. पाण्यात उतरताना मोजणी, वर आल्यावर मोजणी, बोट हलायच्या आधी पुन्हा मोजणी, आणि प्रत्येकाने स्वतः सही करायची. माझा भाऊ वैतागून म्हणाला, 'आमच्याकडे माणसां मोजतत ती पैशे घेताना!' हसलो खरे. मग बोटीवरच्या मुलीने सांगितलं की १९९८ मध्ये एका बोटीची मोजणी चुकली आणि पाण्यात उतरलेलं एक जोडपं मागे राहिलं. ते कधीच सापडलं नाही. त्यानंतर नियम कडक झाले. भाऊ गप्प. पुढच्या वेळी सही करायला तोच पहिला.

रीफ म्हणजे एक भिंत नव्हे. सुमारे २९०० वेगवेगळे प्रवाळखडक मिळून २३०० किलोमीटरचा पसारा आहे. शाळेत शिकलेला आपला ७२० किलोमीटरचा किनारा तीनदा जोडला तरी पुरत नाही. पण मला लक्षात राहिला तो आवाज. पाण्याखाली सतत कुरकुर, जसं कोणी शेजारी बसून चणे खातंय. पोपटमासे प्रवाळ चावतात, आतलं शेवाळ पचवतात आणि उरलेली पूड वाळू म्हणून बाहेर टाकतात. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो ती बरीचशी त्यांच्या पोटातून आलेली. हे मी घरी सांगितल्यावर आईने तोंड वाकडं केलं.

एका जागी प्रवाळ शुभ्र दिसलं. मला वाटलं काय सुंदर. मुलगी म्हणाली, सुंदर नाही, उपाशी आहे. पाणी नेहमीपेक्षा तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. रंगही त्याचा आणि जेवणही त्याचंच. पाणी लवकर थंड झालं तर ते सावरतं, नाहीतर मरतं. २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, असं मोठ्या प्रमाणावर पांढरं पडण्याचं सत्र चालूच आहे.

आणि हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही, माशांना पाव टाकायचा नाही. आमच्याकडे पर्यटक प्रवाळावर उभा राहून फोटो मागतो आणि आम्ही काढतो. मी काढलेले आहेत. परत आल्यावर आमच्या बोटीवर मी हे बंद केलं. गिऱ्हाईक रागावतं, दोघातिघांनी शेजारची बोट धरली. भाऊ अजून त्यावरून बोलतो.

*

मालवणकरांनी बोट लागण्याबद्दल लिहिलं नाही, त्यांना काय लागणार! मी ठाण्याची. जाताना दीड तास आणि येताना दीड तास मी कागदी पिशवीत तोंड घालून होते. गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. आलेपाक नेला होता, तो मैत्रिणींनी खाल्ला.

*

उलुरूचं मी लिहितो. नाशिककर. २०१८ च्या जुलैत आम्ही चौघं होतो, दहा वर्षं एकत्र गड केलेले.

तेव्हा चढाई अजून सुरू होती. पायथ्याशी मोठी पाटी होती, इथल्या अनांगु लोकांची विनंती : आम्ही चढत नाही, तुम्हीही चढू नका. पण कुलूप नव्हतं. वारा नसला, ऊन बेताचं असलं की फाटक उघडायचं आणि कातळात ठोकलेल्या खांबांच्या साखळीला धरून लोक वर जायचे. बंद होण्याची तारीखही जाहीर झालेली होती, २६ ऑक्टोबर २०१९. तारीख उगाच निवडलेली नव्हती, १९८५ मध्ये त्याच दिवशी ती जमीन अनांगुंना परत मिळाली होती. पण आमचा एक जण म्हणाला, 'म्हणजे आत्ताच चढायला हवं. नंतर मिळणार नाही.' रांगेतल्या अर्ध्या लोकांचं हेच म्हणणं असावं.

उंची ३४८ मीटर. आमच्यासाठी काहीच नाही. तरी त्या चढाईवर ३५ हून जास्त माणसं दगावलेली आहेत, बरीचशी हृदयाने. आम्ही तिघं खाली थांबलो. मी काही मोठा तत्त्वाचा माणूस नाही. मला आठवला तो सप्तशृंगीचा गड. लहानपणी आजीबरोबर जायचो. देवीच्या वरचं ते शिखर, तिथे आपण चढत नाही. दरेगावच्या ठरलेल्या घराण्यातला मानकरी ध्वज घेऊन रात्री वर जातो, बाकी कोणी नाही. मी आजीला 'का?' असं कधी विचारलं नाही. मग इथे पाटी वाचून वर जायला माझे पाय कसे उचलावेत? हे मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, 'इथे आपली देवी नाही ना.' आणि गेला.

आम्ही खालून फेरी मारली, साधारण दहा किलोमीटर, जवळजवळ प्रदक्षिणाच. लांबून गुळाच्या ढेपेसारखा दिसणारा तो दगड जवळून अजिबात गुळगुळीत नाही. घळी, गुहा, सावलीतले पाणवठे, वर पाण्याच्या काळ्या रेघा. काही भागांत फोटो काढू नका अशा पाट्या, कारण त्या जागांच्या कथा फक्त बायकांच्या किंवा फक्त पुरुषांच्या आहेत. कॅमेरा खिशात गेल्यावर आम्ही जास्त बघितलं, एवढं खरं.

मित्र दुपारी भेटला. वर काय होतं विचारलं. 'वारा,' म्हणाला. रात्री चौघांनी एकाच पातेल्यातली खिचडी खाल्ली आणि कोणी बोललं नाही. भांडण म्हणाल तर हेच, आवाज न चढलेलं.

*

मेलबर्नला बारा वर्षं झाली, येणाऱ्या प्रत्येक मित्रमंडळाला मीच वाळवंटात फिरवतो. तेव्हा व्यवहाराचं.

ॲलिस ते उलुरू साडेचारशे किलोमीटरच्या वर. नकाशावर शेजारी दिसतं, फसू नका. रोडट्रेन म्हणजे एका इंजिनामागे तीन-चार डबे जोडलेला ट्रक, लांबी ५३ मीटरपर्यंत. त्याला ओव्हरटेक करायला आपल्या घाटातली अक्कल चालत नाही. समोर किलोमीटरभर मोकळा रस्ता दिसला तरच. अंधार पडला की गाडी उभी करा, कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

माझी चूक सांगतो. किंग्ज कॅन्यन नावाच्या दरीहून ॲलिसला कच्च्या रस्त्याने जवळ पडतं. त्याला परवाना लागतो, तो आम्ही काढला. पण भाड्याच्या गाडीच्या कागदात 'कच्चा रस्ता चालणार नाही' असं बारीक अक्षरात होतं. मागे बसलेला साताऱ्याचा मित्र म्हणाला, 'हा कच्चा? आमच्या गावचा डांबरी याहून वाईट आहे.' सगळे हसले, मीही वळवली. पत्र्याच्या छपरावरून गाडी चालवल्यासारखा दोन तास खडखडाट, मग समोरच्या गाडीने उडवलेला दगड आणि काचेला उभी चीर. विम्याने हात वर केले. भरपाईचे पाच भाग केले. सातारकराने स्वतःहून दुप्पट दिले, म्हणून तो अजून मित्र आहे.

विमानतळावर खाण्याचं सगळं फॉर्मवर लिहा. मेतकूट, चिवडा दाखवलं की बहुतेक सोडतात. ताजा कढीपत्ता कचऱ्यात जातो. लपवलात तर दंड.

*

आम्ही नागपूरचे पाच जण, भर जानेवारीत गेलो. 'उनाचं आमाले काय सांगता,' अशा थाटात. मे महिन्यात ४५ बघितलेली माणसं ना! उलुरूजवळच्या काटा ट्युटा या घुमटासारख्या डोंगरांत वाऱ्यांच्या दरीची वाट करायची होती. ३६ किंवा त्याहून जास्त तापमानाचा अंदाज असला की ती वाट सकाळी ११ ला बंद करतात. त्या दिवशी अंदाज ४१ चा. आम्ही आरामात पोहे करून, खाऊन, सव्वाअकराला पोचलो. फाटक बंद. रेंजरबाईला म्हटलं, आम्ही याहून तापलेल्या गावचे आहोत. ती म्हणाली, तिथे तुम्ही दुपारी डोंगरात फिरता का? आता यावर काय बोलणार बाप्पा. दुपारी आम्ही कूलर लावून झोपतो.

माश्यांची जाळी मात्र घ्या. टोपीवरून गळ्यापर्यंत. पहिल्या दिवशी मैत्रिणीला त्यावरून हसलो, दुसऱ्या दिवशी तिच्याकडून उसनी मागितली.

*

जुलैत जात असाल तर रात्रीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पारा शून्याखाली जातो. आम्ही स्वॅगमध्ये झोपलो, म्हणजे ताडपत्रीची वळकटी, आत गादी, वर आभाळ. सोलापुरात आयुष्यभर दक्षिणेकडे कललेला पाहिलेला वृश्चिक तिथे ऐन डोक्यावर, त्यातला ज्येष्ठा तारा तर जवळजवळ बरोबर माथ्यावर. ध्रुव नाही. त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांचा दक्षिणेचा क्रूस, उंच, आणि त्याच्या शेजारी एक काळा डाग. तिथले मूळ लोक तारे जोडून नाही, तर आकाशगंगेतला अंधार जोडून एमू पक्षी बघतात. तो डाग त्याचं डोकं. मला दिसायला अर्धा तास लागला. शेजारी मित्र घोरत होता, त्याला उठवलं. त्याने शिवी दिली, मग बराच वेळ वर बघत राहिला.

*

तरुणांसाठी थोडक्यात : १८ ते ३० वयाच्या भारतीयांना २०२४ पासून काम करत फिरायचा व्हिसा मिळू लागला, वर्षाला १००० जागा, निवड चिठ्ठी टाकून. माझी लागली नाही. ग्रुपमध्ये जी कधीच कुठे येत नाही तिची लागली.

*

नाशिककर पुन्हा. एक राहिलं. वर गेलेल्या त्या मित्राने येताना एक लाल खडा खिशात टाकला होता, सुपारीएवढा. सात वर्षं त्याच्या घरी टीव्हीच्या कपाटात आहे. तिथे जगभरातून लोक असे दगड माफीच्या चिठ्ठीसकट परत पाठवतात, हे मी त्याला मागेच सांगितलं होतं. त्याने उडवून लावलं. हा धागा त्याला वाचायला दिला. काल रात्री फोन आला, 'ते जुलैत चाललेत ना, त्यांना विचार.' विचारतोय, तो खडा परत न्याल का?

*

पाठवा, जुलैत आम्ही नेतो. पण आधी ब्रशने धुऊन, मातीचा कण राहता कामा नये. मेलबर्नकरांनी सांगितल्याप्रमाणे फॉर्मवर लिहीन. चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहावी, मराठीत चालेल.