नियमशास्त्रामुळे पापाची जाणीव होते, म्हणजे नेमके काय?

फोंडा_वाचक:
बायबलमधले पौलाचे रोमकरांस पत्र वाचतोय. ३:२० मध्ये पौल म्हणतो की नियमशास्त्रामुळे (मोशेमार्फत मिळालेल्या देवाच्या आज्ञांमुळे) पापाची ओळख पटते, पण त्यामुळे कोणी नीतिमान ठरत नाही. सातव्या अध्यायात तर आज्ञा आली आणि पाप जिवंत झाले, असे म्हणतो. मग आज्ञाच दिल्या नसत्या तर माणूस निष्पाप राहिला असता का? कुमसाराआधी (पाद्रीपुढे पापे कबूल करण्याआधी) कॅथलिक लोक दहा आज्ञा वाचतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

रायतूरची_वाट:
निष्पाप राहिला नसता. ५:१३ पाहा: नियमशास्त्राआधीही जगात पाप होते, फक्त हिशेबात धरले जात नव्हते. ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळालेच नाही त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेले असते, असे २:१५ सांगते.

शेताची मेर (हद्दीचा बांध) घ्या. दर पावसाळ्यात वीतभर सरकवायची. शेजारी बोलत नाही, वाड्यावर सगळेच करतात, मनाला टोचत नाही. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात (२७:१७) शेजाऱ्याची मेर सरकवणाऱ्याला चक्क शाप आहे. ते वाचले की 'सगळेच करतात' ही पळवाट बंद.

पौल उदाहरण घेतो ते मात्र लोभाचे (७:७). चोरीला, खुनाला साक्षीदार मिळतो, लोभाला कोण मिळणार? आज्ञेने बोट ठेवेपर्यंत तो पाप वाटतच नाही, आणि बोट ठेवले की उलट जास्त उसळतो (७:८). दोष आज्ञेचा नव्हे. ती पवित्र, न्याय्य आणि चांगली आहे, हे तो ७:१२ मध्ये लगेच सांगून टाकतो.

याचे प्रात्यक्षिक मार्कच्या शुभवर्तमानात (१०:१७-२२) आहे. येशू त्या श्रीमंत माणसाला खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, ठकवणे, आईबाप असे सगळे मोजून दाखवतो. यादीत लोभ नाही. तो ऐटीत म्हणतो, हे मी तरुणपणापासून पाळत आलोय. मग 'असेल नसेल ते विकून गरिबांना दे' म्हटल्यावर त्याचे तोंड उतरते. सापडला तो न उच्चारलेल्या आज्ञेत.

म्हापसा_बाजार:
कुमसाराशी संबंध थेट आहे. वर्षातून निदान एकदा पापकबुली, हा नियम कॅथलिक चर्चच्या १२१५ च्या चौथ्या लातेरान परिषदेचा. गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगावीत, हे ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये ठरवले. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब मोठी, पूर्ण जाणीव आणि मनापासून संमती. एक जरी कमी पडली तरी वजन उतरते.

म्हणून एकेक आज्ञा घेऊन आठवायचे. 'माझ्याकडून चुका झाल्या' याला कबुली म्हणत नाहीत. 'शेजाऱ्याची मेर तीन वर्षे सरकवली' ही कबुली. नेहमी बिघडते ते इथे: लोक आपल्या पापांऐवजी सुनेची, जावेची सांगत बसतात, किंवा कारणांची फोड करतात. आणि पाद्रींनी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना दिली तरी मेर मूळ जागी आणणे सुटत नाही. जे हडपले ते परत करणे हा वेगळा हिशेब आहे.

फोंडा_वाचक:
मग आज्ञा जितक्या बारकाईने वाचू, तितके पाप जास्त दिसणार. याला अंत काय?

साष्टी_७२:
याच खड्ड्यात बरेच जण पडतात. क्षमा मिळालेले पाप पुन्हा पुन्हा सांगायला येतात, क्षुल्लक विचारालाही गंभीर पाप समजतात. अशांना जुना आणि चांगला सल्ला म्हणजे कबुली ऐकणारा पाद्री एकच ठेवा, तो 'पुरे' म्हणाला की पुरे. मठात असताना प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरही तासनतास कबुली देत बसे. पुढे त्याने माणसाला ख्रिस्ताकडे हाकलणे हेच नियमशास्त्राचे मुख्य काम मानले. दुसरा प्रॉटेस्टंट सुधारक काल्व्हिन याने मुख्य मानला तो विश्वासणाऱ्याला वाट दाखवण्याचा उपयोग. कॅथलिक शिकवणीत नियमशास्त्र काय करायचे ते दाखवते, पण करण्याचे बळ स्वतः देत नाही. ते कृपेतून येते. पौलाच्या गलतीकरांस पत्रात (३:२४) नियमशास्त्र मुलाला सांभाळून नेणाऱ्या दासासारखे आहे. मूल पोचले की त्याचे काम संपले (पुढचेच वचन पाहा).

ओवीतून वाचायचे असेल तर १६१६ मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराण या मराठी ख्रिस्ती काव्याचा क्रमही हाच: पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्त.

रायतूरची_वाट:
एक तांत्रिक बाब राहिली. आज्ञांचे क्रमांक सगळीकडे सारखे नसतात. कॅथलिक मोजणीत चोरी सातवी, आणि लोभाच्या दोन आज्ञा, नववी व दहावी. बहुतेक प्रॉटेस्टंट मोजणीत मूर्तींची आज्ञा वेगळी धरतात, त्यामुळे चोरी आठवी होते आणि लोभाची एकच, दहावी. कोणी नुसते 'सातवी मोडली' म्हणाला तर आधी विचारा, कुठल्या यादीतली. एकीकडे ती चोरी आहे, दुसरीकडे व्यभिचार.