मदत हवी आहे: मिस्सात (कॅथलिक चर्चच्या उपासनेत) बायबल वाचन करणाऱ्यांचे झगे, तेही साडीवरून, कसे शिवू?

नमस्कार, मी वसईची, घरीच शिवणकाम करते, ब्लाउज आणि पहिल्या कम्युनियनचे (मिस्सातला पवित्र भाकरीचा प्रसाद मुलं पहिल्यांदा घेतात तेव्हाचे) फ्रॉक हे नेहमीचं काम. आता चर्चने वाचकांसाठी आणि कम्युनियन द्यायला मदत करणाऱ्यांसाठी 12 झगे सांगितलेत आणि मी पुरती अडकलेय.

पहिला नमुना पांढऱ्या टेरिकॉटचा शिवला, आल्बसारखा (फादर आत घालतात तो पायघोळ पांढरा झगा) घोळदार, आणि हौस म्हणून आजीच्या लुगड्याचा लाल काठ गळ्यातून दोन्ही बाजूंनी खाली सोडला. शेजारची मावशी तो घालून वाचायला उभी राहिली तर नंतर मोतीबिंदूवाल्या एका आजोबांनी तिला चक्क "फादर, जरा आशीर्वाद द्या" म्हटलं! आम्ही हसलो, फादर नाही हसले. बरोबरच आहे, स्टोल (गळ्यातून सोडायचा लांब पट्टा) फक्त फादर आणि डीकनचा (फादरच्या खालचा दीक्षित सेवक), डीकनसुद्धा डाव्या खांद्यावरून तिरका घेतो, आणि माझा काठ लांबून हुबेहूब स्टोल. दोन दिवस हाताने टाचलेला, उसवताना जिवावर आलं.

मग कमिटीत एकाने अंगवस्त्राचा (खांद्यावरच्या उपरण्याचा) विषय काढला, 1969 ला रोमने भारतातल्या मिस्सासाठी जे 12 बदल मान्य केले त्यात ते आहे म्हणून. आहे, पण स्टोलच्या जागी, म्हणजे पुन्हा फादरांचंच. मिस्साच्या नियमावलीत 339 क्रमांकाला प्रापंचिक सेवकांसाठी (म्हणजे फादर-डीकन नसलेल्या, आमच्यासारख्या साध्या माणसांसाठी) आल्ब किंवा बिशपांच्या परिषदेने मान्य केलेला दुसरा साजेसा पोशाख असं आहे. आल्ब म्हणजे बाप्तिस्म्याचं पांढरं वस्त्रच, त्यामुळे तो सगळ्यांचा, हे मला पटलं. काही जण म्हणतात धुतलेली साडी पुरे, तेही अगदीच चूक नाही म्हणा.

खरा घोळ साडीचाच. 12 पैकी 9 बायका, आत निऱ्या, वर पदर, मग पदर मुंढ्यात गोळा होतो आणि पान उलटायला हात उचलला की अख्खा झगा वर. मे महिन्यात सकाळच्या मिस्सालाही टेरिकॉट पाठीला चिकटतं, लाइट गेली तर विचारूच नका. खादी घ्यावी तर 36 इंची पन्हा, एका झग्याला चार-सव्वाचार मीटर, आधी भिजवून आटवायची, आणि पावसाळ्यात वाळणार कधी? केंब्रिक चालेल का, की आतली साडी दिसेल? पदरासाठी बगलेत कळी (जादा जोडतुकडा) घालू का? आणि काठ कुठे लावू, बाहीच्या टोकाला की खाली घेराला?

प्रतिसाद: ताई, मी वेंगुर्ल्याची. कळी नको, रॅगलन बाही (गळ्यापासूनच तिरकी निघणारी) लाव, मुंढ्याची कटकटच जाते. आधी मांजरपाटाचा एक शिव आणि माप साडी नेसवूनच घे, ब्लाउजवरून नको. केंब्रिक जाडसर बघ, मुठीवर धरून बघायचं, बोटं दिसली तर सोडून दे. गळा उंच ठेव, ब्लाउजचा रंग डोकावला तर आतून अमिस (गळा झाकायचं पांढरं कापड) घ्यावा लागतो, म्हणजे आणखी 12 कपडे तुझ्याच गळ्यात.

धागाकर्ती: रॅगलन! लहान पोरांच्या स्वेटरला बघते रोज, डोक्यातच आलं नाही. उद्याच मांजरपाट आणते. काठाचं मात्र कोणी बोललंच नाही अजून.