हाताने केलेल्या लग्नपत्रिकेने खर्च खरोखर वाचतो का?

नियोजित वधू, कोथरूड
मार्गशीर्षात माझे लग्न आहे आणि पत्रिका घरीच कराव्यात, असे माझे ठाम मत आहे. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात तयार पत्रिका स्वस्तात मिळतात हे खरे. परंतु सोनेरी गणपती, जाड पाकीट आणि आतली जादा पाने असे एकेक वाढवत गेले की मूळ दर नावापुरताच उरतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद तयार होत आला आहे. ए-४ आकाराच्या एका कागदातून जवळपास पोस्टकार्डाएवढ्या ४ पत्रिका निघतात, म्हणजे १०० पत्रिकांना २५ कागद पुरतात. आईला मात्र ३०० छापील पत्रिका हव्या आहेत. आपणांस काय वाटते?

छपाई व्यावसायिक, शनिवार पेठ
आपला कागदाचा हिशेब बरोबर आहे, पण छपाईचा हिशेब त्यात आलेलाच नाही. ऑफसेटमध्ये, म्हणजे मजकुराची धातूची प्लेट करून होणाऱ्या यंत्रछपाईत, प्लेट आणि यंत्राची जुळवणी यांचा खर्च एकदाच होतो व तो सगळ्या प्रतींवर विभागला जातो, म्हणून १०० ऐवजी ३०० पत्रिका काढल्याने रक्कम तिप्पट होत नाही. हाताच्या कामात तिसऱ्या शंभरालाही पहिल्या शंभराएवढेच श्रम पडतात. शिवाय हातकागद खडबडीत असल्याने लेझर प्रिंटरची छपाई खळग्यांत नीट बसत नाही आणि घडीवर तिचे पापुद्रे निघतात. घरगुती इंकजेटची शाई बहुधा पाण्याने पसरणारी असते, त्यामुळे हळदीकुंकवाचे ओले बोट लागले की जवळचे अक्षर फुटते. वाया जाणारे कागदही खर्चातच धरावे लागतील.

चित्रकला शिक्षिका, सिंहगड रस्ता
वरील अडचणी खऱ्या आहेत, परंतु त्या सगळा मजकूर हातकागदावर छापण्याच्या हट्टातून येतात. मजकूर १०० ते १२० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन असलेल्या) गुळगुळीत कागदावर छापून घ्यावा, हातकागदाचे केवळ बाहेरचे आवरण करावे आणि त्यावर लिनोच्या मऊ तक्त्यावर कोरलेल्या कलशाचा एकच ठसा, पाण्याने न पसरणाऱ्या शाईत, उमटवावा. घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घेतली, तर जाड कागदही सरळ दुमडतो. मुहूर्ताची वेळ किंवा कार्यालय ऐनवेळी बदलले, तर आतले पान तेवढे नव्याने छापावे लागते. टपालाने पाठवायच्या पत्रिकेचे पाकिटासह वजन आधी पाहावे, कारण साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो.

दोन मुलींची लग्ने केलेले गृहस्थ, सदाशिव पेठ
मला खर्चापेक्षा मानपानाची काळजी अधिक वाटते. पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवायची, दुसरी कुलदैवताला पाठवायची, इथवर कोणाचे दुमत नसते. पण पुढे १०० जणांना हातची पत्रिका आणि उरलेल्यांना छापील किंवा व्हॉट्सॲपवरची, असे झाले की नातेवाईक एकमेकांकडे आलेल्या पत्रिका ताडून पाहतात आणि ती सल वर्षानुवर्षे राहते. माझ्या मते सर्वांना एकच साधी छापील पत्रिका द्यावी. तसेच ऐंशीच्या घरातल्या माणसाला चष्म्याने वाचता येईल एवढे अक्षर मोठे असावे. नाजूक सुलेखनात कार्यालयाचा पत्ताच कळला नाही, तर त्या कष्टांचा उपयोग काय?

नियोजित वधू, कोथरूड
अक्षराच्या आकाराचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारते, आणि आवरण हाताचे व मजकूर छापील ही सूचनाही मला पटली आहे. मात्र पत्रिका सर्वांना सारखीच द्यावी, हे मला मान्य नाही. ज्यांच्या घरी आम्ही अक्षता घेऊन समक्ष जाणार आहोत आणि ज्यांना केवळ कळवणार आहोत, त्यांच्यातला फरक पत्रिकेमुळे निर्माण होत नाही. तो आधीपासून असतोच.

छपाई व्यावसायिक, शनिवार पेठ
असे असेल तर आधी समक्ष आमंत्रणांची यादी पक्की करावी. संख्या ६०-७० च्या आत राहिली, तर हाताचे काम परवडेल आणि आतली पाने डिजिटल छपाईवर काढता येतील, कारण तिथे प्लेटचा खर्च नसतो. संख्या १५० च्या पुढे गेल्यास माझे मत बदलणार नाही.

नियोजित वधू, कोथरूड
सासरकडची यादी अजून यायची आहे. ती हाती येईपर्यंत मी कागद विकत घेणार नाही.