अल्बुकर्की ते सांता फे: लोकलने वाळवंटातून एक दिवसाची फेरी

पांथस्थ:
ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिकोला जाणं होतंय. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीचे. मोटार भाड्याने न घेता 'रेल रनर' या लोकलने अल्बुकर्कीहून सांता फेला जाऊन संध्याकाळी परत यावं असं मनात आहे. मुक्काम डाउनटाउनलाच आहे. कोणत्या बाजूला बसावं? तिकिटाचं कसं? दोघांना झेपेल का? आणि गाडीतून वाळूच्या टेकड्या दिसतात का?

रूळवाट:
टेकड्यांची आशा सोडा. जिप्समच्या त्या पांढऱ्या टेकड्या व्हाइट सँड्सला आहेत, राज्याच्या पार दक्षिणेला, आणि ही लोकल तिकडे जात नाही. इथलं वाळवंट उंचावरचं आहे: खुरटे जुनिपर, तांबूस माती, आणि पाऊस पडला तरच वाहणारे कोरडे ओढे, ज्यांना तिकडे 'अरोयो' म्हणतात. ऑक्टोबर छान निवडलात. रिओ ग्रांडे नदीच्या काठची कॉटनवूडची झाडं तेव्हा पिवळी होतात.

जाताना उजवीकडे बसा. सँडिया पर्वताची भिंत (माथा ३,२०० मीटरच्या वर) बराच वेळ त्या बाजूने साथ देते. डावीकडे नदीकाठची झाडी आणि लांबवर हेमेझचे डोंगर. येताना बाजू उलटते. डबे दुमजली आहेत. वरून जास्त दिसतं, पण गुडघ्यांचा त्रास असेल तर खालीच बसावं, खिडक्या तिथेही मोठ्या आहेत.

शेवटच्या टप्प्याकडे लक्ष ठेवा. जुना मुख्य रेल्वेमार्ग सांता फे शहराला टाळून लामी या गावावरून जातो. अ‍ॅमट्रॅकची (देशभरच्या प्रवासी रेल्वेची) लांब पल्ल्याची गाडी आजही लामीलाच थांबते. लोकल मात्र त्या मार्गावरून फुटून २००८ साली सुरू झालेल्या नव्या रुळांवरून चढते आणि आय-२५ महामार्गाच्या दोन बाजूंच्या मधोमध धावू लागते. दोन्हीकडे मोटारी, मधे आपण.

वेळापत्रक:
बाजू वगैरे नंतर, आधी परतीची गाडी ठरवा. ही नोकरदारांची लोकल आहे. सकाळ-संध्याकाळ गाड्या बऱ्या, दुपारी मोठी खिंडारं, आणि शनिवार-रविवारी एकूणच कमी. प्रवास साधारण दीड तासाचा. शेवटची गाडी चुकली तर जवळपास १०० किलोमीटरची टॅक्सी करावी लागेल. म्हणून शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी आपली धरा आणि शेवटची हाताशी राखून ठेवा. वेळा बदलतात, आदल्या रात्री अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहाच.

तिकीट विभागांनुसार असतं. तुम्हाला दिवसाचा पास घ्यायचा आहे. ऑनलाइन काढता येतो, गाडीतही मिळतो. ज्येष्ठांना सवलत असते, तेव्हा वयाचा पुरावा जवळ ठेवा.

उतरण्यात हमखास गोंधळ होतो. सांता फेच्या आसपास ५९९, झिया रोड, साउथ कॅपिटॉल आणि डेपो अशी चार स्थानकं येतात. तुम्ही शेवटच्या, म्हणजे डेपोलाच उतरा. तिथून प्लाझा, म्हणजे शहराचा जुना मुख्य चौक, चालत पंधरा-वीस मिनिटं, रस्ता जवळपास सपाट. विमानतळावरून थेट येणाऱ्यांनाही एक सांगणं: 'सनपोर्ट' नावाचं स्थानक विमानतळाला लागून नाही, मधलं अंतर बसने किंवा टॅक्सीने कापावं लागतं.

रूळवाट:
शनिवारी गेलात तर डेपोशेजारीच शेतकरी बाजार भरतो, सकाळी लवकर पोचलं तर तो आधी पाहून घ्या, दुपारी आवरतो. प्लाझाच्या उत्तरेला १६१० च्या सुमाराची गव्हर्नरांचा वाडा आहे. त्याच्या ओसरीत प्वेब्लो आणि इतर आदिवासी कारागीर स्वतः घडवलेले दागिने मांडून बसतात.

चांदणवेल:
कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. वाटेत सँडिया, सॅन फेलिपे, केवा या प्वेब्लो लोकांच्या जमिनी लागतात. तिथे गाडीतूनही फोटो काढू नका. गाडीत तशी सूचनाही देतात. या जमिनींवर त्यांचं स्वतःचं शासन आहे, घरं आणि धार्मिक जागा त्यांच्या खाजगी आहेत. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, कारण गावं दिसली की हात आपोआप मोबाइलकडे जातो.

झेपण्याबद्दल: अल्बुकर्की सुमारे १,६०० मीटरवर, सांता फे २,१०० च्या पुढे. धाप आणि डोकेदुखी बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होते, म्हणून विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ही फेरी ठेवू नका. हवा इतकी कोरडी की घाम जाणवतच नाही, त्यामुळे तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पाणी पाजत राहा. माणशी दीड-दोन लिटर सोबत असावं. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. टोपी, ओठांना मलम, आणि स्वेटर. दुपारी ऊन चटकतं, पण सूर्य कलला की फलाटावर हुडहुडी भरते.

पांथस्थ:
बलून फिएस्टाच्या (अल्बुकर्कीतल्या गरम हवेच्या फुग्यांच्या उत्सवाच्या) दिवसांत गर्दी असते का? आमच्या तारखा त्यातच येतात.

वेळापत्रक:
असते. मग शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा आणि गाडीच्या वीस मिनिटं आधी फलाटावर उभे राहा, तिघांना शेजारी जागा मिळायला तेवढं पुरतं. सकाळी लवकर निघालात तर फुगे आकाशात असतानाच गाडी शहराच्या उत्तर टोकावरून जाते. त्यासाठी मात्र डावी-उजवी दोन्हीकडे बघत राहा, वारा फुग्यांना कुठेही नेतो.