मदत हवी आहे: भूत न दाखवता ताण कसा वाढवतात?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या आमच्या वाचनगटात रविवारी जुन्या भयकथांवर बोलायचंय आणि विषय माझ्या गळ्यात पडलाय.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची १९०२ सालची 'द मंकीज पॉ' घेतेय. त्यात माकडाचा एक वाळका पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो, आणि आईच्या हट्टावरून बाप त्याच्याकडे मेलेला मुलगा परत मागतो. शेवटी दारावर थापा पडतायत, आई खुर्ची ओढून वरच्या कडीला हात घालतेय, बाप अंधारात जमिनीवर तो पंजा चाचपडतोय. दार उघडतं तर रस्ता रिकामा! मेलेला मुलगा आता कसा दिसत असेल, हे लेखक सांगतच नाही. कपड्यांवरूनच ओळख पटली होती, एवढं बाप आधी बोलून जातो. बाकीचं काम आपलं डोकं करतं.

हे लपवणं कळतं. माझं अडलंय ते वेगापाशी. सुरुवातीला बुद्धिबळाचा डाव, पाहुण्याच्या गप्पा, सगळं कसं निवांत! तरी ताण सैल पडत नाही, तो का?

धारप, मतकरी किंवा आणखी कुणाची अशी संथ चढत जाणारी मराठी कथा आठवतेय का? रक्तबंबाळ नको; गटात दोन आजी आहेत, त्या घाबरत नाहीत, कंटाळतात. संग्रहाचं नावही लिहा, म्हणजे सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) शोधता येईल.